खिडकी बदलण्यापूर्वी भिंत पाहा



कापसाची दुसरी वेचणी विकली गेली, सोयाबीनचे पैसे हाती आले आणि रब्बीची ज्वारी पोटरीत आली की घरातली राहिलेली कामे एकेक आठवू लागतात. त्यात खिडक्यांचा विषय हमखास निघतो. पावसाळ्यात फुगलेली झडप दिवाळीपर्यंत उघडलेली नसते. चौकटीची खालची पट्टी वाळवीने पोखरलेली असते. एक बिजागरी निखळून झडप तारेने बांधून ठेवलेली असते. मग कोणीतरी म्हणते, "हे जुनं काढून टाकू, शहरासारख्या सरकत्या काचा बसवू." घरात एकमत होते आणि बाजाराच्या दिवशी घरधनी थेट दुकान गाठतो.

चूक इथेच होते. दुकानदार तुम्हाला लांबी-रुंदी विचारील, काचेचा रंग विचारील. पण तुमची भिंत मातीची की विटांची, खिडकी मावळतीला की दक्षिणेला, आत माणसे झोपतात की कापूस भरतात, हे तो विचारणार नाही. ते तुम्हालाच पाहायचे आहे. म्हणून खिडकीचा विचार चार पायऱ्यांनी करावा. पहिली भिंत, दुसरी दिशा, तिसरी खोलीचे काम आणि शेवटी माल. ही उतरंड उलटी केली की पैसा जातो आणि कधी कधी भिंतही जाते.

भिंत काय सांगते?

आपल्या परभणी जिल्ह्यात घरे अनेक तऱ्हेची आहेत. जुन्या गावठाणात पांढरीवर उभी असलेली माळवदाची घरे आहेत. त्यांच्या भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड, दगड-मातीच्या किंवा नुसत्या पांढऱ्या मातीच्या. जिंतूरकडच्या डोंगराळ भागात दगडाचे काम अधिक दिसते. गावाबाहेर आणि शेतात नव्याने बांधलेली विटा-सिमेंटची घरे आहेत, त्यांवर कुठे स्लॅब, कुठे पत्रे. यातल्या प्रत्येक भिंतीत भोक पाडण्याचा धोका वेगळा असतो.

जुन्या दगडी भिंतीची रचना अशी असते: बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये लहान दगड-मातीचा भराव. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड पुष्कळदा नसतातच. भिंत जाड दिसते, पण ती एकसंध नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड भिंती आतल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे झोपेतच गेली. किल्लारी आपल्यापासून दूर आहे, असे म्हणून चालणार नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते परभणीतही जाणवले. त्या दिवशी ज्यांच्या भिंतीतून माती गळली, त्यांनी तर खिडकी मोठी करण्याचा विचारही जाणकाराला विचारल्याशिवाय करू नये.

मातीच्या भिंतींच्या घरांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली भूकंपाचा विचार करून काही नियम घालून दिले आहेत. ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नसावी. घराच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत निदान चार फूट भिंत अखंड असावी. खिडकीवरची आडवी फळी किंवा लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत निदान एक-एक फूट टेकलेले असावे. आपल्या घरातली खिडकी या मापात बसते का, हे टेप घेऊन आजच पाहता येईल.

माळवदाच्या घरात आणखी एक गोष्ट तपासावी. तुळया लाकडी खांबांवर टेकल्या आहेत की सरळ भिंतीवर? खांब असतील तर छपराचा बराच भार त्यांच्यावर असतो. भिंतीवर असतील तर सगळे माळवद त्या भिंतीने पेललेले असते, आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने ते जड होत गेलेले असते. अशा भिंतीतली जुनी चौकट टेकू दिल्याशिवाय काढू नये. तुळईखाली मजबूत खांब उभे करून, एका वेळी एकच खिडकी घ्यावी. ती पुरी झाली, सिमेंट पक्के झाले, की मग दुसरी. चारही चौकटी एका दिवसात उपसून टाकणारा मिस्त्री कामाला चपळ वाटतो, पण अशा घराला तो परवडत नाही.

विटांच्या नव्या घरांची अडचण निराळी आहे. आपले पूर्वज गाव पांढरीवर वसवीत आणि काळी पिकासाठी ठेवीत. आता घरे काळीत बांधली जातात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्याबरोबर पाया हलतो, आणि भिंत आपले दुखणे पहिल्यांदा खिडकीच्या कोपऱ्यातच दाखवते. तिथून तिरपी चीर निघते. अशी चीर असेल तर तिच्यावर सिमेंटचा एक लहान ठिपका लावून त्यावर तारीख लिहा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. ठिपका तडकला तर चीर अजून हलते आहे, तेव्हा खिडकीचा खर्च थांबवून आधी पायाचे पाहा. घराभोवतीचे पाणी भिंतीपासून दूर काढून दिले तरी पुष्कळदा फरक पडतो. हलत्या भिंतीत महागडी काच बसवणे म्हणजे चिखलात रोवलेल्या खांबाला बैल बांधण्यासारखे आहे.

ऊन, वारा आणि पाऊस

आता दिशेकडे वळू. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो आणि थंडीच्या लाटेत तो पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे. तेव्हा एकाच खिडकीने उन्हाळ्यात ऊन अडवायचे आणि हिवाळ्यात आत घ्यायचे, अशी तिच्याकडून अपेक्षा असते. दक्षिणेची खिडकी हे काम करू शकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, उन्हाळ्यात तो जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या मध्याला तर भर दुपारी उभ्या काठीची सावलीही तिच्या बुडाशीच पडते. चार फूट उंच खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला की मार्चअखेरपासून दुपारचे ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या निम्म्याहून अधिक भागातून कोवळे ऊन घरात येते.

मावळतीच्या खिडकीला छज्जा फारसा उपयोगी पडत नाही. दुपारी तीननंतरचे ऊन तिरपे असते, ते छज्जाखालून सरळ आत शिरते. नैऋत्य मोसमी पाऊसही याच अंगाने झोडपतो. म्हणून मावळतीला मोठी काच लावू नये. खिडकी लहान ठेवावी, तिला लाकडी किंवा पत्र्याची भरीव झडप असावी. बाहेर जागा असेल तर कडुनिंब लावावा. तो वाढेपर्यंत मांडव करून दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवावा.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी उन्हाळ्यात दिवसा झडपा लावून घेत आणि सूर्य मावळला की सताड उघडत. ही रीत आजही शास्त्राला धरून आहे. दिवसा बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा तापलेली असते, ती आत घेण्यात लाभ नाही. रात्री बाहेर गारवा येतो, तो आत घेतला की जाड भिंती थंड होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर सुसह्य राहते. मात्र रात्री खिडकी उघडी ठेवायची तर भक्कम गज हवेत आणि डासांची जाळी हवी. कालव्याच्या पाण्याखालच्या गावांना हे वेगळे सांगायला नको. या दोन्ही गोष्टी नसतील तर खिडकी कितीही सुंदर असो, भीतीपोटी ती रात्री बंदच राहील.

खिडकी केवढी असावी?

राष्ट्रीय इमारत संहितेचा एक सोपा हिशेब आहे. कोरड्या उष्ण हवेच्या भागात खोलीच्या जमिनीच्या एक दशांश इतके खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र असावे, दार त्यात धरू नये. स्वयंपाकघराला त्याच्या सव्वापट. म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांची खोली असेल तर १२० चौरस फुटांना १२ चौरस फूट खिडकी. चार बाय तीनची एक, किंवा तीन बाय दोनच्या दोन. यातला दुसरा पर्याय अधिक चांगला. समोरासमोर दोन लहान खिडक्या असल्या की वारा एकीतून शिरतो आणि दुसरीतून निघतो. एकच मोठी खिडकी असली तर वारा दारातल्या पाहुण्यासारखा बाहेरच थांबतो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. या हिशेबाने त्याला सत्तावीस चौरस फूट खिडक्या लागतात. घरकुल बांधत असाल तर हे पायाच्या वेळीच सांगून ठेवा. भिंत उभी राहिल्यावर भोक पाडणे दुप्पट खर्चाचे असते.

इथे सरकत्या काचांचे एक गुपित सांगून ठेवतो. दोन काचांची सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते, कारण एक काच दुसरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहते. चार बाय चारच्या खिडकीतून वारा मिळतो तो चार बाय दोनचा. झडपेची खिडकी पूर्ण उघडते. तेव्हा सरकती घ्यायची असेल तर वाऱ्याचा हिशेब निम्म्याने करा.

प्रत्येक खोलीचे काम निराळे

पैसा थोडा असला की तो समोरच्या बैठकीच्या खिडकीला लागतो, कारण ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. आमचे सांगणे असे की सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. घरात गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. धूर वर चढतो, म्हणून त्याला वाटही वरच हवी. जुन्या माळवदांत त्यासाठी छपरातच भोक ठेवीत, त्याला कुठे साणे तर कुठे सवणे म्हणतात. स्लॅबच्या घरात ते गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही. चुलीच्या वरच्या बाजूला, छताच्या खाली हातभर अंतरावर एक झरोका ठेवा आणि समोरच्या भिंतीत उभ्याने हवा घेणारी खिडकी ठेवा. झरोक्याला बारीक जाळी लावली तर ती काजळीने बुजते. ती काढून धुता येईल अशी बसवावी. घरातल्या माउलीचे डोळे आणि छाती रोज त्या धुरात असतात. खिडकी कुठे हवी, हे तिलाच विचारा. ओट्याशी उभी राहणारी तीच आहे.

कापूस भरण्याच्या खोलीचाही विचार हवा. भाव वाढण्याची वाट पाहत आपण दोन-तीन महिने कापूस घरात ठेवतो आणि खिडकी त्याच्याखाली गडप होते. अशा खोलीत खिडकीबरोबर वर एक झरोका ठेवला तर ढीग लागला तरी हवा खेळते. सोयाबीन, हरभरा ठेवण्याच्या खोलीला उंदीर शिरणार नाही अशी लोखंडी जाळी लावावी. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या मात्र कोणत्याही खिडकीत किंवा कोनाड्यात ठेवू नयेत. त्या कुलपात असाव्यात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. कापूस असलेल्या घरात आग लागली तर दार पहिल्यांदा अडते. चोराच्या भीतीने आपण सगळ्या खिडक्यांना पक्के गज लावतो, तेव्हा आतल्या माणसालाही बाहेर पडायची वाट उरत नाही. झोपण्याच्या खोलीतली निदान एक जाळी बिजागरीवर, आतून उघडणारी करा. किल्ली तिच्याजवळच खिळ्याला टांगा, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी, आणि घरातल्या पोराबाळांना ती दाखवून ठेवा. वेल्डिंगवाल्याला हे काम थोडे जास्त पडते, पण ते जिवाचे काम आहे.

ज्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसतो, तिची मापे कूलर पाहून घ्या. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची सोय हवी. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. कूलर पत्र्याचा, स्टँड लोखंडी, खिडकीचे गज लोखंडी आणि भोवती पाणी, अशी ती जागा असते. घराचे अर्थिंग नीट आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, तीन पिनांचाच प्लग वापरा, शॉक लागताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नका.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनी वादळाच्या वेळी वाऱ्याकडच्या अंगाची खिडकी घट्ट लावून घ्यावी. तिथून शिरलेला वारा आतून पत्र्याला वर ढकलतो आणि बाहेरचा वारा वर ओढतो. खिडकीची कडी मजबूत असणे हा पत्रे वाचवण्याचाच एक भाग आहे.

माल कोणता घ्यावा?

चौथी पायरी ही. सागवान उत्तम, पण ते वाळलेले हवे. ओले लाकूड पुढच्या उन्हाळ्यात वाकडे होते. चौकटीचा जो भाग भिंतीला लागतो त्याला डांबर फासावे, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही अडतात. लोखंडी खिडकी मजबूत आणि बेताच्या किमतीची, पण तिचा खालचा कोपरा गंजतो. रेड ऑक्साइडचे दोन हात बसवण्यापूर्वीच सगळीकडून द्यावेत, कारण भिंतीत गेलेल्या भागाला नंतर रंग लावता येत नाही. सिमेंटच्या तयार चौकटीला वाळवीचे भय नाही. ती जड असते, म्हणून मातीच्या भिंतीत बसवण्यापूर्वी विचार करावा. अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसी गंजत नाहीत, कुजत नाहीत. पण सरकत्या खिडकीच्या खाचेत आपल्याकडची धूळ साचून चाके अडतात. खाचेला पाणी जायची बारीक छिद्रे असतात, ती गवंड्याने सिमेंटने बुजवली तर पाऊस घरात येतो. काम संपल्यावर खाचेत तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का पाहा.

आणि जुने सागवान भंगाराच्या भावाने देऊ नका. पुष्कळदा चौकटीची फक्त खालची पट्टी कुजलेली असते. चांगला सुतार तेवढाच तुकडा बदलून देतो. नव्या बिजागऱ्या, घासलेल्या झडपा आणि जवसाच्या तेलाचे दोन हात एवढ्यावर अशी खिडकी नातवंडांच्या हाती देता येते. जिथे दुरुस्ती पुरते तिथे भिंतीला हात लागत नाही, हा तिचा सर्वांत मोठा फायदा.

माप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, उंचीही तीन ठिकाणी. सर्वांत लहान आकडा धरा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर भोक काटकोनात नाही, हे दुकानदाराला आधी सांगा. मापे कागदावर एकाच पद्धतीने लिहा, इंच आणि सूत यांत घोळ करू नका. उन्हाळ्यात माप घेतलेली लाकडी झडप पावसाळ्यात फुगणार, तेवढी फट सुताराला ठेवायला सांगा. भाव विचारताना गज, जाळी, काच, गाडीभाडे आणि बसवण्याची मजुरी त्यात धरली आहे का, हे लिहून घ्या.

खिडकीखाली शहाबादी फरशी बसवाल तर तिला बाहेरच्या अंगाला अर्धा इंच उतार द्या आणि ती भिंतीच्या दोन इंच पुढे काढा. छज्जाच्या आणि फरशीच्या खालच्या अंगाला पाणी तुटण्यासाठी एक खोबण ठेवा. ही खोबण नसली की पाणी परत भिंतीकडे वळते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो.

काम केव्हा काढावे?

लिंटेल आणि छज्जाचे सिमेंटकाम दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत उरकावे. त्याला निदान आठ-दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्याची ओढ असताना भिंतीला कोण पाणी मारणार? चौकटी, झडपा, जाळ्या, रंग ही कोरडी कामे होळीनंतर केली तरी चालतात. मात्र मृगापूर्वी सगळे पुरे व्हावे.

सगळ्या खिडक्या एकाच वर्षी बदलल्या पाहिजेत असेही नाही. या वर्षी स्वयंपाकघराचा झरोका आणि झोपण्याच्या खोलीतली उघडणारी जाळी करा. पुढच्या वर्षी मावळतीची झडप. बैठकीची खिडकी शेवटी आली तरी पाहुणे रागावणार नाहीत.

तेव्हा येत्या बाजाराला जाण्याआधी एक संध्याकाळ काढा. कागद-पेन्सिल घ्या, घरातल्या बायामाणसांना बरोबर घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा. भिंत कशाची, चीर कुठे, ऊन कुठून, वारा कुठून, धूर कुठे कोंडतो, हे लिहून काढा. मिस्त्रीला बोलावून भिंत दाखवा. ती भिंत तुमच्या लेकराबाळांना रात्री निजवते. तिला न दुखवता जी खिडकी बसेल तीच तुमच्या घराची खिडकी. मग खुशाल दुकानात जा आणि काचेचा रंग निवडा.